शेवटचा कान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन माननीय यतीनभाई शहा, प्रमुख पाहुण्या, निवृत्त मुख्याध्यापिका हंसाताई वैद्य, व्यासपीठावर बसलेले लंबक मंडळाचे संस्थापक सदस्य बाबाजी पाटील, आजचे सत्कारमूर्ती श्री. गुणवंत खानविलकर, सौ. शुभदाकाकू, मंडळाचे सभासद आणि पूनम सागरमधल्या सर्व रहिवाशांनो,

मी संचिता पेडणेकर. भाईंदरच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासण्याचं काम करते. मंडळाने मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोन शब्दांत हे होणार नाही, म्हणून आधी काय घडलं ते क्रमाने सांगते. सोसायटीत या प्रकरणाच्या तीन वेगवेगळ्या हकिकती फिरताहेत आणि त्यातल्या एकीत माझं आणि खानविलकरकाकांचं भांडण झालं आहे.

एक. माझ्या मागे भिंतीवर जे घड्याळ आहे, ते लंबक मंडळाने स्वतः बनवलं. गणपतीच्या आदल्या रविवारी ते या हॉलमध्ये लावलं.

दोन. ते बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद पडलं. असं तीनदा झालं.

तीन. तिन्ही वेळा चावी भरलेली होती, तेल दिलेलं होतं, चाकं मोकळी होती.

चार. तिन्ही वेळा ते खानविलकरकाकांनी लावून दिलं होतं आणि आम्ही बाकीच्यांनी कान लावून होकार दिला होता.

पाच. चौथ्या वेळी मी त्याचा आवाज कम्प्युटरवर घेऊन मोजला. आकडे काकांना दाखवले.

सहा. दुसऱ्या दिवशी काकांनी बाबाजींना कळवलं की गुडघे दुखतात, मंडळ सोडतो.

सात. मंडळाची खोली तळमजल्यावर आहे. काकांचे गुडघे उत्तम आहेत.

हे सगळं बोलायची परवानगी मी काकांकडून घेतली आहे. ती कशी मिळाली, ते पुढे सांगते.

ज्यांना लंबक मंडळ म्हणजे मीटररूमच्या शेजारच्या खोलीतून दर रविवारी खटखट करणारी माणसं एवढंच माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आम्ही जुनी चावीची घड्याळं उघडतो, ती कुठली आहेत ते ओळखतो, चालू करतो. जमलं तर नवी बनवतो. पैसे घेत नाही. हे लक्षात ठेवा, कारण दर महिन्याला कोणीतरी मनगटी घड्याळाचा सेल बदलून मागायला येतं आणि रागावून जातं.

मंडळ सुरू केलं काका आणि बाबाजी यांनी. काका मूळचे रत्नागिरीकडचे. नोकरी मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. तेव्हाचं एक्स्चेंज म्हणजे हजारो स्विचेसचा खडखडाट. त्या खडखडाटात उभं राहून कुठला स्विच अडला ते कानाने ओळखायचं, हे त्यांचं काम. बाबाजी राई गावचे, भाईंदर पूर्वेला त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. दोघांची ओळख एका बंद घड्याळावरून झाली. बाबाजींच्या घरचं घड्याळ. ते दुरुस्त करायला आलेले काका जेवूनच परत गेले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आले, असं बाबाजी सांगतात. घड्याळ पहिल्याच रविवारी चालू झालं होतं.

काकांना निवृत्तीच्या वेळी ऑफिसने भिंतीवरचं बॅटरीचं घड्याळ भेट दिलं. निरोप समारंभात घड्याळच का देतात, हा प्रश्न मला नेहमी पडतो. ज्या माणसाला आता वेळेवर कुठेच जायचं नाही, त्यालाच का? असो. काकांनी ते कानाशी धरलं आणि भर समारंभात म्हणाले, "हे लंगडी घालतंय. याला एकच पाय आहे."

त्याचा अर्थ समजला की पुढचं सगळं समजेल. लंबकाच्या घड्याळात दोन आवाज असतात. लंबक एका टोकाला जाताना चाकाचा एक दात सुटतो, टिक. दुसऱ्या टोकाला जाताना दुसरा, टॉक. या दोन आवाजांमधलं अंतर दोन्ही बाजूंना सारखं असावं लागतं. याला आम्ही ठेका म्हणतो. ठेका बिघडला तर घड्याळ लंगडतं आणि थोड्या वेळाने थांबतं. कोणताही भाग तुटलेला नसतो, काही खराब झालेलं नसतं, तरी थांबतं. लंबकाला ढकलणारी एक तार असते, ती केसभर वाकवली की ठेका जागेवर येतो. केसभर म्हणजे केसभरच. जास्त वाकवली की दुसरीकडे बिघडतो.

म्हणून मंडळात एक रिवाज आहे. कुठलंही घड्याळ खोलीबाहेर जाण्याआधी सगळे सभासद ओळीने त्याला कान लावतात. डोळे मिटून. बोलायचं नाही. शेवटचा कान काकांचा. ते तार हवी तर वाकवतात, पुन्हा ऐकतात आणि म्हणतात, "बोलतंय." मग आम्ही प्रत्येकजण पुन्हा एकदा ऐकतो आणि म्हणतो, "बोलतंय." यानंतरच घड्याळ घरी जातं. मागचं हे घड्याळ सोडलं, तर मी मंडळात आल्यापासून असं गेलेलं एकही घड्याळ ठेक्याच्या तक्रारीने परत आलेलं नाही.

काकांचं दुसरं कौशल्य घड्याळ ओळखण्याचं. एकदा भाईंदर पश्चिमेचे एक गृहस्थ मोठं भिंतीवरचं घड्याळ चादरीत गुंडाळून रिक्षाने घेऊन आले. बरोबर दोन मुलं, सून आणि व्याही. पणजोबांना इंग्रज साहेबाने खूश होऊन दिलेलं, खास विलायतेहून आणलेलं, अशी त्या घड्याळाची ख्याती. काकांनी तबकडी काढली, यंत्राच्या मागच्या पत्र्यावर टॉर्च मारला आणि बराच वेळ बघत राहिले. पत्र्यावर जपानी कारखान्याचा शिक्का होता. पेटीचे सांधे इकडच्या सुताराच्या हातचे होते. तबकडी तिसरीकडची.

गृहस्थ म्हणाले, "काय? लंडनचं ना?"

काका म्हणाले, "माहेर जपानचं. सासर मुंबईचं. संसार चांगला झालाय."

"म्हणजे डुप्लिकेट?"

"सून डुप्लिकेट असते का हो?"

ती सून तिथेच उभी होती. ती हसली, मग व्याही हसले, मग गृहस्थांना हसावंच लागलं. तेव्हापासून आमच्या मंडळात घड्याळाच्या यंत्राला माहेर आणि पेटीला सासर म्हणतात. पुस्तकात याला जोड-घड्याळ म्हणतात आणि त्याची किंमत कमी धरतात. काकांनी कुठल्याही माणसाला त्याचं घड्याळ नकली आहे असं कधी सांगितलेलं मी ऐकलं नाही. खोटंही सांगितलेलं ऐकलं नाही. हे दोन्ही एकाच वेळी जमणं कठीण असतं. मला जमत नाही, हे आपण पुढे पाहालच.

आता मागचं हे घड्याळ. याची चाकं बाबाजींच्या लेथवर कापली. पितळ चांगलं मिळवलं. लंबकाची दांडी सागाची आहे, कारण लोखंड उन्हाळ्यात लांबतं आणि घड्याळ मागे पडतं. पण आपल्याकडे खाडीची हवा. लाकूड ओल धरतं. म्हणून दांडीला पॉलिशचे इतके हात दिले की बाबाजी म्हणाले, "नवरीला पन इतकी हलद लावत न्हाय." या घड्याळाचं माहेर आणि सासर दोन्ही मीरा-भाईंदर आहे. काकांना याचा फार अभिमान. ते म्हणायचे, "शंभर वर्षांनी कोणी हे उघडलं तर त्याला ओळखायला त्रास झाला पाहिजे."

ते लावलं आणि बंद पडलं.

पहिला संशय आला यतीनभाईंवर. यतीनभाईंना वाकडं काही बघवत नाही, या हॉलमधला प्रत्येक फोटो ते येता-जाता सरळ करतात. लंबकाचं घड्याळ लावल्यावर कोणी जरासं फिरवलं तरी ठेका बिघडतो. आम्ही तिघे-चौघे त्यांच्या दुकानात गेलो. यतीनभाई म्हणाले, "अरे, मैंने हाथ भी नहीं लगाया! कसम से. मनात आलं होतं, झूठ नाही बोलणार. पण लावला नाही." त्यांच्यावर घेतलेल्या संशयाबद्दल मंडळाने त्यांची माफी अजून मागितलेली नाही. ती मी आता सर्वांसमोर मागते.

काकांनी ठेका पुन्हा लावला. "बोलतंय." आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "बोलतंय." ते पुन्हा थांबलं. नवरात्रात लावलं, थांबलं. मग हॉलमध्ये ज्यांचा कार्यक्रम असेल ते आम्हाला विचारू लागले, की हे शोसाठी आहे का? यतीनभाईंनी सभ्यपणे एक तारीख दिली. सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनापर्यंत घड्याळ चालू तरी करा, नाहीतर उतरवा, तिथे आपण बॅटरीचं लावू. चेअरमन म्हणून ते योग्यच बोलले.

तेव्हा मी मोजलं. लंबकाला झोका देऊन घड्याळ चालू केलं, त्याला एक छोटा माइक चिकटवला, आवाज कम्प्युटरवर घेतला. पडद्यावर प्रत्येक ठोक्याची एक उभी रेघ उमटते. दोन रेघांमधलं अंतर एकदा मोठं, एकदा छोटं, एकदा मोठं, एकदा छोटं. घड्याळ लंगडत होतं. आणि विशेष म्हणजे आम्हाला ते ऐकू येत होतं. मी बाबाजींना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, "मना पयल्याच दिवशी वाकरा वाटला व्हता. पन खानविलकर बोलला, बोलतंय. मंग आपुन कोन?"

मी इतरांनाही विचारलं. प्रत्येकाला वाटलं होतं. प्रत्येकाने आपल्या कानापेक्षा काकांच्या कानावर विश्वास ठेवला. ही चूक आमच्या मंडळातच होऊ शकते. दुसरीकडे कुठे माणसं डोळे मिटून इतकं लक्षपूर्वक ऐकत नाहीत आणि ऐकूनही न ऐकल्यासारखं करत नाहीत.

मी रेघा काकांना दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तिन्ही वेळेला असंच?" मी म्हटलं, बाकीच्या वेळी मोजलं नव्हतं, पण तुम्ही आता माझ्यासमोर पुन्हा लावा. त्यांनी कान लावून तार वाकवली. मी मोजलं. तीच बाजू मोठी, तितकीच मोठी. पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

काका म्हणाले, "म्हणजे चूक घड्याळात नाही." त्यांनी स्क्रूड्रायव्हर कापडात गुंडाळला, डब्यात ठेवला आणि घरी गेले. पुढचं मी सुरुवातीला सांगितलं आहे. गुडघे.

शुभदाकाकू त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. टोकदार, बारीक आवाज आता त्यांना नीट ऐकू येत नाहीत. बोलणं ऐकू येतं, टीव्ही ऐकू येतो, आणि काकू म्हणतात की नको ते बरोबर ऐकू येतं. प्रत्येक ठोक्यात दोन आवाज मिसळलेले असतात. दात आपटल्याचा टोकदार आवाज, आणि त्यामागून पेटीचं लाकूड दुमदुमतं तो जाड आवाज. एका बाजूचा टोकदार आवाज जरा मोठा होता, तो काकांना ऐकू येत होता. दुसऱ्या बाजूचा बारीक होता, तो पोहोचत नव्हता. मागचा लाकडाचा तेवढा पोहोचत होता, जरा उशिरा. त्यांच्या कानात ठेका बरोबर जुळत होता. घड्याळात जुळत नव्हता.

मी त्यांच्या घरी गेले. इथे मला एक गोष्ट नोंदवायची आहे, की त्या दिवशी भांडण झालं नाही. जे बोलणं झालं, ते असं.

मी म्हटलं, "काका, यंत्र लावून बघा कानाला."

"यंत्र लावलं तर घड्याळ मी ऐकत नाही. यंत्र ऐकतं. मग यंत्रालाच सभासद करून घ्या."

मी म्हटलं, "तुमची चूक दर वेळी एकाच बाजूला आणि एकसारखी आहे. आमच्याकडे एखादं उपकरण नेहमी एकसारखंच चुकत असेल, तर ते फेकून देत नाहीत. किती चुकतं त्याची चिठ्ठी त्याच्यावर लावतात आणि वापरतात. फेकतात ते कधी इकडे, कधी तिकडे चुकणारं. तुम्ही आजही मंडळातल्या सगळ्यांपेक्षा नेमके आहात."

काका म्हणाले, "माझ्यावर चिठ्ठी लावणार तू?"

काकू आतून म्हणाल्या, "लाव गं. मी कधीची शोधतेय कुठे लावायची."

काका हसले नाहीत. ते म्हणाले, "संचिता, तू म्हणतेस ते बरोबर असेल. पण आयुष्यभर मी कान लावला आणि लोकांनी मान्य केलं. आता मी कान लावणार, आणि तुम्ही सगळे माझ्याकडे बघणार, आणि मनातून थोडी बेरीज-वजाबाकी करणार. ते मला नको."

 मी विचारलं, मग समारंभात लोकांना गुडघेच सांगायचे का? काका मग म्हणाले, "खरं सांग. लंगडणाऱ्या घड्याळाला मीच 'बोलतंय' म्हटलं, ते मीच झाकून कसं ठेवू? फक्त तक्ता-बिक्ता लावू नकोस भिंतीवर. तू बोलशील म्हणजे तक्ता लावूनच बोलशील."

मी तक्ता आणलेला नाही.

बाबाजींनी मला मध्यंतरी सुचवलं की, तुझ्या कम्प्युटरवर बघून तूच तार वाकव आणि घड्याळ चालू कर, समारंभाला बरं दिसेल. काम दहा मिनिटांचं होतं. मी केलं नाही, कोणाला करूही दिलं नाही. म्हणून आज आपण बंद घड्याळाखाली बसलो आहोत. फोटोत ते तसंच येईल, त्याबद्दल फोटोग्राफरची क्षमा मागते. ते मी चालू केलं असतं, तर मंडळ सोडायचा काकांचा निर्णय बरोबर ठरला असता.

आता जे सांगणार आहे, ते काकांना माहीत नाही. त्याची परवानगी मी घेतलेली नाही. काकूंची घेतली आहे.

त्या दिवशी बोलणं संपल्यावर काका खाली दूध आणायला गेले. मी आणि काकू बसलो होतो. त्यांच्या हॉलमध्ये एक घड्याळ आहे, माहेर जर्मनीचं, सासर गिरगावचं. माझं लक्ष त्याच्याकडे गेलं. ते चालू होतं. मी काकूंना विचारलं, हे कधी बंद पडतं का?

"नाही गं. चालूच असतं."

"याचा ठेका कोण लावतं?"

"आणखी कोण? दिवाळीत पुसायला काढलं होतं, पुन्हा लावलं यांनीच."

दिवाळीत. म्हणजे इथलं घड्याळ तीनदा बंद पडल्यानंतर. मी काकूंना म्हटलं, जरा टीव्ही बंद कराल का? माझा फोन घड्याळाच्या पेटीवर टेकवला, आवाज रेकॉर्ड केला आणि घरी येऊन कम्प्युटरवर टाकला. रेघांमधली अंतरं सारखी. दोन्ही बाजूंना सारखी. मी यापेक्षा चांगलं लावू शकले नसते.

ज्या कानाने हे घड्याळ बिघडलं, त्याच कानाने ते कसं जमलं? मी तपासण्याचं काम करते. एकच उपकरण एका खोलीत चुकतं आणि दुसऱ्या खोलीत चुकत नाही, तेव्हा उपकरण तेच आहे का, हे आधी बघायचं असतं. मी काकूंना फोन केला. विचारलं, ते घरी ठेका लावतात तेव्हा नक्की काय करतात? कान कुठे टेकवतात?

काकू म्हणाल्या, "कान कुठला? माझी मालिका चालू असते ना. मी आवाज कमी करत नाही. ते नुसता हात ठेवतात पेटीवर, असा पसरून, आणि उभे राहतात. मला वाटायचं, आधार घेतात."

काका, आपण घरी कान लावत नाही. हात लावता. ते आपल्यालाही ठाऊक नसावं. आपल्याला वाटत असावं की टीव्हीच्या आवाजातही आपण ऐकतोच आहोत. पण प्रत्येक ठोका पेटीच्या लाकडातून हाताला कळतो, आणि हाताला बारीक-जाड असा फरक नाही. आपल्या हाताला ठेका बरोबर समजतो. कोणाच्या बेरीज-वजाबाकीशिवाय आणि चिठ्ठीशिवाय. त्याचा पुरावा आपल्या घरच्या हॉलमध्ये दिवाळीपासून चालू आहे, आणि आज सकाळी साडेनऊला काकूंना फोन करून मी खात्री करून घेतली आहे.

म्हणजे चूक घड्याळात नाही, हे आपण म्हणालात ते बरोबर. पण ती आपल्यातही नाही. ती आमच्या रिवाजात आहे. इथे सगळे शांत उभे असतात, डोळे मिटून, आणि आपण कान लावावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते, म्हणून आपण कान लावता. घरी कोणी अपेक्षा करत नाही, उलट मालिका चालू असते, म्हणून आपण बरोबर करता.

मंडळाची बैठक शुक्रवारी झाली. काकांना बोलावलं नव्हतं, कारण ते सभासद नाहीत असं त्यांनीच कळवलं आहे. तिथे रिवाजात एक बदल सुचवण्यात आला. इथून पुढे शेवटचा कान नाही, शेवटचा हात. बाकीच्यांनी कान लावायचा, आणि जे ऐकू येईल ते आधी बोलायचं. वाकडं वाटलं तर वाकडं म्हणायचं, समोर कोणीही असो. मग शेवटी ज्याचा हात आहे त्याने हात ठेवायचा. बाबाजी म्हणाले, "मंग मी पयल्यांदा बोलनार. माज्या पोटात चार म्हैने वाकरा हाय." ठराव एकमताने मंजूर झाला.

त्यात एक अडचण आहे. हात ज्याचा, तो माणूस मंडळात नाही. त्याला निरोप द्यायला आपण सगळे इथे जमलो आहोत. शाल दिली आहे, श्रीफळ दिलं आहे, हंसाताईंनी गौरवाचे शब्द वाचले आहेत. शाल काकांनी ठेवून घ्यावी. परवा संक्रांत आहे, थंडीत उपयोगी पडेल. निरोप मात्र मंडळाने अजून नोंदवलेला नाही.

मला भाषणं करायची सवय नाही. जे लोकांसमोर बोलायचं नसतं, तेच मी बहुधा बोलले आहे. काकांना अवघडल्यासारखं झालं असेल तर तो दोष माझा, मंडळाचा नाही. कोणाचं नाव राहिलं असेल, मानात कमी-जास्त झालं असेल, तर मोठ्यांनी ते सांभाळून घ्यावं. हॉल दिल्याबद्दल सोसायटीचे, वेळ काढून आल्याबद्दल हंसाताईंचे, मालिकेचा आवाज कमी न केल्याबद्दल शुभदाकाकूंचे, आणि बंद घड्याळाखाली शांतपणे बसून ऐकल्याबद्दल आपणा सर्वांचे मी मंडळातर्फे आभार मानते.

शेवटी काकांना एक विनंती. झेंडावंदन पुढच्या महिन्यात नाही, याच महिन्यात आहे. घड्याळ चालू होऊन काही दिवस लक्ष ठेवायला लागतं. म्हणून येत्या शनिवारी, एकोणीस तारखेला, संध्याकाळपर्यंत आपण मंडळाला उत्तर द्यावं. रविवारी सकाळी घड्याळ उतरवून तळमजल्यावरच्या खोलीत ठेवलेलं असेल. आपण येणार आहात की नाही, एवढंच कळवावं. हो किंवा नाही, दोन्ही चालेल. गुडघे चालणार नाहीत.